दुसऱ्याच्या गाडीपाशी उभे राहताना

प्रिय तरुण मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एका संग्राहकाने आपल्या जुन्या गाड्या आणि मोटारसायकली पाहण्यासाठी तुला घरी बोलावले आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. जाण्यापूर्वी कोणत्या इंजिनांची माहिती करून घ्यावी, कोणती मॉडेल आणि कोणती वर्षे लक्षात ठेवावीत, असे तू विचारले आहेस. ती माहिती तुला तिथे मिळेलच, आणि ती सांगण्यात यजमानालाही आनंदच वाटेल. मी मात्र तुला अशा गोष्टीबद्दल लिहिणार आहे, जी सगळ्यांना येतच असेल असे गृहीत धरल्यामुळे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या, आणि त्यातही एकदा बिघडली तर तशीच पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूपाशी कसे वागावे, ही ती गोष्ट. अशा गाड्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या सहवासात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि संग्राहकाच्या घरचे दुसरे बोलावणे पहिल्या भेटीतल्या वागणुकीवरच ठरते, याची मला खात्री आहे.

वस्तुसंग्रहालयात गाडीभोवती दोर असतो, 'हात लावू नये' अशी पाटी असते आणि कोपऱ्यात पहारेकरी उभा असतो. खासगी गॅरेजमध्ये यातले काहीच नसते. यजमान तुला आत घेतो तो विश्वासाने, आणि एकदा आत घेतल्यावर तुझ्या हातांवर नजर ठेवायचे तो टाळतो, कारण पाहुण्यावर पाळत ठेवणे त्याला स्वतःलाच प्रशस्त वाटत नाही. म्हणून ती नजर तू स्वतःच ठेवायची. गॅरेजच्या दाराशी थांब, आत बोलावल्यावरच आत जा, आणि आत गेल्यावरही यजमान ज्या गाडीपाशी नेईल तिथेच राहा. कव्हर घातलेली गाडी दिसली की त्याचे टोक उचलून आत डोकावण्याचा मोह फार होतो. पण ती गाडी दाखवायची असती तर कव्हर आधीच काढलेले असते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा परवानगीचा आहे, आणि परवानगी मागावी एवढे सांगून तो संपत नाही, कारण मागण्याच्याही दोन तऱ्हा असतात. एक जण दाराच्या हँडलवर हात ठेवून, दार अर्धे उघडून विचारतो, "बसू का?" दुसरा गाडीपासून दोन पावले मागे उभा राहून म्हणतो, "ही गाडी आतून पाहायला मिळाली तर फार आवडेल. पण आपण सहसा कोणाला बसू देत नसाल तर बाहेरून पाहण्यातही मला आनंद आहे." दोघांचे मागणे एकच आहे. पण पहिल्याला नकार द्यायचा तर यजमानाला आधी त्याचा हात दारावरून काढायला सांगावे लागते, आणि घरी आलेल्या माणसाला असे सांगणे बहुतेकांच्या जिवावर येते. तो भिडेखातर 'हो' म्हणतो आणि मग पाहुणा खाली उतरेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण भिडस्त माणसाला सावध करण्यासाठी आहे. माझ्या मते मात्र अशा प्रसंगी अधिक मोठी जबाबदारी मागणाऱ्याची असते. ज्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर सहज देता येत नाही, तो प्रश्न विचारून मिळालेल्या 'हो'ला मी परवानगी मानत नाही.

यजमानाने क्षणभर थांबून "हरकत नाही, पण..." असे म्हटले, तर त्या 'पण'पाशीच थांबावे, पुढचे वाक्य त्याला पूर्ण करायला लावू नये. त्याने उत्तर न देता दुसऱ्या गाडीचा विषय काढला, तर तोही नकारच समजावा आणि त्याच्याबरोबर त्या दुसऱ्या गाडीकडे वळावे. एकदा नाही म्हटलेली गोष्ट थोड्या वेळाने वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नये, आणि मालक फोनवर बोलत असताना ती त्याच्या मुलाकडून, मेकॅनिककडून किंवा राखणदाराकडून तर मुळीच मिळवू नये. गाडी धुणाऱ्या माणसाच्या हाती किल्ली असते, म्हणून गाडीवर बसू देण्याचा अधिकारही त्याच्याकडे येत नाही; उलट तुझ्या आग्रहामुळे त्याच्या नोकरीवर गदा येऊ शकते.

मिळालेली परवानगी ज्या शब्दांत मिळाली तेवढीच असते. 'पाहा' म्हणजे पाहा; त्यात हात लावणे येत नाही. हात लावू दिला म्हणजे दार उघडायला सांगितले असे होत नाही, आत बसवले म्हणजे कळ दाबायला किंवा गिअर हलवायला सांगितले असे होत नाही. ही कल्पना काही आजची नाही. रोमन कायद्यात असे मानले जाई, की ठरलेल्या प्रवासासाठी मागून नेलेला घोडा एखाद्याने मालक संमती देणार नाही हे ठाऊक असूनही ठरल्यापेक्षा पुढे नेला, तर तीही चोरीच. मग तो घोडा धडधाकट स्थितीत परत आणून बांधलेला का असेना. वस्तू परत केली म्हणजे झाले, नुकसान झाले नाही म्हणजे काही बिघडले नाही, ही सबब दोन हजार वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांनाही पटलेली नव्हती.

वस्तू आपल्या ताब्यात आहे म्हणून ती वापरण्याचा हक्क आपल्याला आहे, हा समज मोठ्या पदांवरच्या माणसांचाही होतो. चोरीला गेलेली एक फेरारी एफ५० अमेरिकेत सापडली आणि खटल्याच्या कामासाठी सरकारी तपास यंत्रणेच्या ताब्यात ठेवली गेली. या मॉडेलच्या अवघ्या ३४९ गाड्या तयार झाल्या होत्या. २००९ साली केंटकी राज्यात एक तपास अधिकारी एका सरकारी वकिलाला शेजारी बसवून ती चालवत असताना ती झाडाझुडपांवर आदळली आणि मोडली. गाडीची मालकी तोवर विमा कंपनीकडे आली होती. तिने भरपाईसाठी दावा लावला. परंतु पुरावा म्हणून ताब्यात असलेल्या मालाच्या बाबतीत सरकारला कायद्याने असलेल्या संरक्षणामुळे तो न्यायालयात टिकला नाही. हा प्रसंग मी तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण कायद्याने भरपाई द्यावी लागली नाही तरी गाडी मोडायची राहिली नाही. उद्या तुझ्याकडे कोणी चार दिवस गाडी ठेवायला दिली, दुरुस्तीसाठी किंवा फोटोंसाठी सोपवली, तर ज्या कामासाठी ती आली त्या कामापलीकडे तिचे चाक फिरता कामा नये.

घरच्या माणसाच्या वस्तूला विचारावे कशाला, असे तुझ्या वयाचे अनेक जण मला म्हणतात, आणि कोणी बहुश्रुत असेल तर मोटारीचे आद्य निर्माते कार्ल बेन्झ यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ यांचा दाखला देतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्या पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या, आणि मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास ठरला, हे खरेच आहे. पण त्या उद्योगात त्यांचा स्वतःचा पैसा घातलेला होता आणि यंत्राची त्यांना इतकी माहिती होती, की वाटेत तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. काकांच्या गॅरेजमधली जुनी मोटारसायकल ते गावाला गेलेले पाहून बाहेर काढणाऱ्या पुतण्याला हा दाखला लागू पडत नाही. जवळच्या नात्यात नकार देणे अधिकच अवघड असते, म्हणून तिथे अधिकच जपून विचारावे.

आता प्रत्यक्ष हाताबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण 'नुसता हात लावला तर काय बिघडते' हा प्रश्न पुष्कळदा प्रामाणिकपणे विचारलेला असतो आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. आजच्या गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. बारीक ओरखडे त्या थरातच राहतात आणि पॉलिशने बरेचसे निघूनही जातात. हा थर सर्वसाधारण गाड्यांवर १९८० च्या दशकात रूढ झाला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांवर जो रंग दिसतो तोच सर्वांत वर असतो, त्याच्यावर राखण करणारे काही नसते. १९२० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे गाड्यांना नायट्रोसेल्युलोज लॅकर मारले जाई. लवकर वाळत असल्यामुळे ते कारखान्यांच्या सोयीचे होते. पण वय वाढत जाते तसे ते ठिसूळ होते, त्याला बारीक भेगा पडतात, आणि हाताला लावलेल्या सॅनिटायझरचाही त्यावर डाग पडू शकतो. अशा रंगावर उमटलेला ओरखडा पॉलिशने घालवायचा म्हणजे आजूबाजूचा मूळ रंगच तेवढा घासून काढायचा. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशीचा रंग असा थोडाथोडा संपत जातो, आणि तो कितीही पैसे मोजले तरी पुन्हा आणता येत नाही.

धूळ बसलेल्या गाडीवर बोटाने नाव लिहिण्याची खोड तू पाहिली असशील. त्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. पदार्थाचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर हिरा १० वर आहे, क्वार्ट्झ ७ वर आणि खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. बोटाच्या दाबाखाली हे कण रंगावरून ओढले जातात. गाडी धुतली की धूळ जाते, पण तिरप्या उन्हात ती अक्षरे रंगात कोरलेली दिसतात. खिशातला रुमाल काढून बॉनेटवरची कोरडी धूळ पुसणाऱ्या सद्भावी पाहुण्याच्या हातूनही नेमके हेच घडते, आणि कव्हर ओढून काढल्यानेही हेच घडते. पितळी आणि निकेल चढवलेल्या भागांची तऱ्हा निराळी आहे. घामातल्या क्षारांमुळे आणि आम्लांमुळे त्यांच्यावर बोटांचे ठसे उमटतात, ते लगेच दिसत नाहीत, आणि काही काळाने काळपट डाग होऊन वर येतात. संग्रहालयातले कर्मचारी धातूच्या वस्तू हातमोजे घालून हाताळतात ते याचसाठी.

तू स्वतः हात लावला नाहीस तरी तुझे कपडे लावतील, याकडे माझ्या अनुभवात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आतले मीटर पाहायला माणूस खिडकीशी वाकतो तेव्हा पट्ट्याचे बक्कल नेमके दाराच्या पत्र्याला टेकते; गळ्यातला कॅमेरा पुढे झोकांडतो आणि मडगार्डवर आपटतो; जॅकेटची चेन, बॅगेची कड, कमरेला अडकवलेली किल्ली, सगळे त्याच उंचीवर येते. तेव्हा बॅग दाराशीच काढून ठेव, घड्याळ आणि अंगठी खिशात टाक, कॅमेरा हातात घट्ट धर आणि वाकताना दुसरा हात पाठीमागे घे. तू असे केलेस हे यजमानाच्या लक्षात येते, आणि पुढच्या अर्ध्या तासात तो तुला कितीतरी अधिक दाखवतो.

गाडीला रेलून फोटो काढणे हा प्रकार तर पूर्णपणे सोडून द्यावा. काही गाड्यांचे पत्रे माणसाच्या भारासाठी केलेलेच नसतात. मिलानच्या टुरिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने १९३६ मध्ये 'सुपरलेजेरा' नावाची पद्धत काढली. तीत बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवत. वजन वाचवण्यासाठी केलेल्या या पत्र्यावर तळवा टेकवून भार दिला तरी पोचा पडू शकतो. बाहेर आलेल्या लहान भागांनाही असेच जपावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक युरोपीय गाड्यांना वळण्याचा इशारा देण्यासाठी दाराशेजारच्या खांबातून बाहेर येणारा छोटा हात असे. तो हाताने वर उचलून पाहण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि आतली जुनी यंत्रणा त्या उचलण्याने मोडते. बॉनेटच्या टोकावरची मूर्ती धरून उभे राहणेही तसलेच.

दार यजमानाला उघडू द्यावे आणि त्यालाच लावू द्यावे. जुन्या बॉडीत पत्र्याच्या आत बहुधा लाकडी सांगाडा असतो. त्याचे सांधे सैल झालेले असतात, बिजागऱ्या झिजलेल्या असतात, आणि दार किंचित उचलून लावायचे की हलकेच ढकलायचे हे त्या दाराला रोज हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते. आत बसवले तर फुटबोर्डावर पाय द्यायचा की नाही हे विचारून घ्यावे, स्टिअरिंग धरून स्वतःला आत ओढू नये, आणि सीटवर धपकन बसू नये, कारण कातडे टिकले असले तरी शिवणीचा दोरा बहुधा आधीच जीर्ण झालेला असतो.

चालू इंजिनाच्या गाडीत बसण्याची वेळ आली, तर एखादीही कळ किंवा दांडा विचारल्याशिवाय हलवू नये. ही नुसती सभ्यता नाही, यात जिवाचा प्रश्न आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेली फोर्ड मॉडेल टी घे. तिच्यात तीन पेडल आहेत आणि एकही आपल्या ओळखीचे काम करत नाही. डावे पेडल क्लच समजून तळापर्यंत दाबले की गाडी पहिल्या गतीत पुढे निघते. मधले पेडल गाडी मागे नेते. ज्याला आपण ॲक्सिलरेटर समजतो ते उजवे पेडल ब्रेकचे आहे, आणि इंजिनाचा वेग स्टिअरिंगजवळच्या एका छोट्या दांड्याने कमीजास्त होतो. हँडब्रेकचा दांडा मागे ओढलेला असतो तेव्हा तो ब्रेकबरोबरच क्लचही सोडवून धरतो. इंजिन चालू असताना कुतूहलाने तो पूर्ण पुढे ढकलला, तर गाडीला वरचा गिअर लागतो. गेली वीस वर्षे गाडी चालवणारा माणूस या सीटवर बसला की सवयीनेच चुकतो. म्हणून अशा गाडीत हात मांडीवर आणि पाय मागे घेऊन बसावे, आणि "हे काय करते?" हा प्रश्न बोटाने दाखवून विचारावा, हलवून नव्हे. हँडल मारून सुरू होणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत तर मदत करू का, असेही विचारू नये. इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ हवी त्यापेक्षा लवकर ठेवलेली राहिली असेल तर हँडल उलट फिरून मनगट मोडते.

मोटारसायकलींबद्दल वेगळे फारसे सांगायचे नाही, एवढेच की त्यांच्यावर लोक विचारल्याशिवाय चटकन बसतात, जणू त्या बाकड्यासारख्या ठेवलेल्या आहेत. बसताना बक्कल टाकीवर घासते आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा जातात. तोल गेला तर दीडशे-दोनशे किलोचे वाहन सावरत नाही आणि एक पडली की शेजारचीही पडते.

संग्रहात तुला एखादी रंग उडालेली, सीट फाटलेली, जागोजागी गंज धरलेली गाडी दिसेल, आणि ती अजून दुरुस्त व्हायची आहे असे वाटून तू काही बोलशील, म्हणून आधीच सांगतो. ती कदाचित त्या गॅरेजमधली सर्वांत मोलाची गाडी असेल. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा'ने, ट्युरिनची सनद मंजूर केली आहे. वाहनावर त्याच्या वयाच्या आणि वापराच्या ज्या खुणा उमटल्या आहेत त्या जपाव्यात, आणि करायची ती दुरुस्ती शक्य तितकी कमी, पुन्हा पूर्ववत करता येईल अशी आणि नोंद ठेवून करावी, हा तिचा आशय आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रसिद्ध प्रदर्शनात, जे १९५० पासून भरते आहे, २००१ साली कधीच नव्याने न रंगवलेल्या जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाला. तेव्हा नखाने गंज खरवडून पाहणे, सुटलेले चिकटपत्र ओढून काढणे, 'थोडे पॉलिश केले तर चमकेल' असे सुचवणे, हे सगळे टाळावे. त्या गाडीची आजची अवस्था मालकाने विचारपूर्वक तशी राखलेली असू शकते.

बोलण्याचे पथ्यही हातांइतकेच सांभाळावे लागते. किंमत विचारू नये. आकडा कळल्याने गाडी अधिक चांगली दिसत नाही, आणि चार लोकांसमोर विचारल्यास यजमानाला एक तर खोटे सांगावे लागते किंवा आपल्या घरात काय ठेवले आहे हे जाहीर करावे लागते. एखादा दिवा किंवा बिल्ला मूळचा नाही हे तुझ्या लक्षात आले, तर ते मालकाला तुझ्याआधी ठाऊक असते. तो सुटा भाग त्याने किती शोधला असेल याचा विचार कर आणि गप्प राहा. त्याऐवजी ही गाडी त्याच्याकडे कशी आली, हे विचार. हा प्रश्न कोणाला नकोसा झालेला मी पाहिलेला नाही.

विकत मागण्याबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचे आहे, कारण यात फार माणसे दुखावतात. एखाद्याच्या अंगणात, शेडमध्ये किंवा झाडाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी रस्त्यावरून दिसते, आणि पाहणारा तिला मनातल्या मनात बेवारस ठरवून टाकतो. पडून असलेली वस्तू टाकून दिलेली नसते. ती वडिलांनी शेवटची चालवलेली असेल, तिच्यावरून भावाभावांत बोलणी चालू असतील, किंवा मालक पैसे साठवून एकेक भाग जमवत असेल; यातले काहीही बाहेरच्या माणसाला सांगण्यास तो बांधलेला नाही. कुंपण ओलांडून जवळून पाहायला जाऊ नये, ओढून घेतलेले फाटक उघडू नये, आणि 'एवीतेवी गंजणारच आहे' असे म्हणत बिल्ला किंवा चाकावरची झाकणी काढून आणणे ही सरळ चोरी आहे, तिला आठवण किंवा जतन असले नाव देऊ नये. खरोखरच विचारायचे असेल तर दिवसाउजेडी, समोरच्या दाराने जाऊन, एकदाच विचारावे. आपले नाव आणि संपर्क लिहून द्यावा आणि निघून यावे. 'वाया घालवताय' हा शब्द त्या दाराशी उच्चारू नये. ती गाडी सांभाळण्याचा, आणि न सांभाळण्याचाही, अधिकार तिच्या मालकाचा आहे. मला स्वतःला चांगली यंत्रे उघड्यावर झिजताना पाहून वाईट वाटते, तरी त्या वाईट वाटण्याने माझा त्यांच्यावर हक्क निर्माण होत नाही.

फोटोंसाठी दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक काढण्याची आणि दुसरी लोकांना दाखवण्याची. मोबाइलवर काढलेल्या फोटोत जागेची नोंद आपोआप साठवली जाऊ शकते, ती सोय आत जाण्यापूर्वीच बंद करावी. नंबर प्लेट, चासी आणि इंजिन क्रमांकाची पट्टी, गॅरेजचे कुलूप, खिडक्या, बाहेरचा रस्ता ओळखू येईल असे काही चित्रात येऊ देऊ नये. या क्रमांकांचा उपयोग दुसऱ्या वाहनाची खोटी कागदपत्रे करण्यासाठी होऊ शकतो, आणि मौल्यवान गाड्या कुठे उभ्या असतात हे हेरणारे लोकही फोटो पाहतच असतात. ओळखीच्या माणसांतही 'अमक्याकडे अमुक गाडी आहे' असे बोलून दाखवू नये. जे त्याने तुला दाखवले ते त्याचे गुपित आहे असेच समजावे, जोवर तो स्वतः ते सांगत नाही.

आणि इतके जपूनही हातून काही झालेच, तर त्याच क्षणी, त्याच जागी सांगावे. थुंकी लावून पुसणे, पोचा आतून दाबून काढायला जाणे, तुटलेला तुकडा जागेवर टेकवून ठेवणे, यांतल्या प्रत्येक उपायाने दुरुस्ती अवघड होते. तुकडा कितीही लहान असला तरी तो उचलून यजमानाच्या हाती द्यावा, कारण त्या मापाचा दुसरा मिळत नसेल तर तोच जोडावा लागणार असतो. 'एवढेसेच तर आहे' असे म्हणणे टाळावे. केवढे आहे ते ठरवायचे काम त्याचे आहे. दुरुस्तीचा खर्च देऊ करावा आणि ती कोणाकडून, कधी, कशी करायची हे त्याच्यावर सोडावे. तो खर्च नको म्हणाला तरी दोन दिवसांनी एकदा पुन्हा विचारावे, कारण पहिला नकार संकोचापोटीही असू शकतो.

कदाचित यजमान खुशीत येऊन तुला एखादी गाडी चालवायलाच देईल. तेव्हा विम्यात दुसऱ्या चालकाची सोय आहे का, हे नम्रपणे विचारावे. संग्रहातल्या वाहनांच्या विम्यात पुष्कळदा चालकांची नावे ठरलेली असतात आणि ते मालकाच्या उत्साहात विसरले जाते. तुझी तयारी नसेल, तर शेजारी बसून यायला अधिक आवडेल असे सांगावे. त्याने कोणाला वाईट वाटत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा विचारून घे. मित्राला बरोबर नेण्याचा विचार असेल तर तोही तेव्हाच विचार, दाराशी पोचल्यावर नव्हे. परत आल्यावर आभाराचे चार शब्द लिही, काढलेले फोटो सर्वांत आधी त्यांना पाठव आणि त्यांतले कोणते ठेवू नयेत हे विचारून ते खरोखर काढून टाक. त्यांच्या गाडीचे जुने माहितीपत्रक किंवा एखादा जुना फोटो तुला पुढेमागे कुठे आढळला, तर त्याची प्रत पाठव; पुन्हा कधी येऊ, हे मात्र त्या पत्रात विचारू नकोस.

कळावे.
तुझा शुभचिंतक